सेल्फ सुटत नाही

४ डिसेंबर

सकाळी अंगणात धूर. हे गाडी काढायला गेले आणि नेहमीच्या गुरगुरण्याऐवजी लोखंड किंचाळल्यासारखा आवाज येत राहिला. इंजिन धरलं होतं, पण ते सुरू करणारा सेल्फ सुटत नव्हता. चहाचा कप मी ओट्यावर ठेवला की टाकला, आठवत नाही. धावत गेले तोवर ह्यांनी चावी काढून हातात घेतली होती, इंजिन बंद केलं होतं, आणि सेल्फ आपला चावीविना त्या बंद इंजिनाला फरफटवत होता. मी बॅटरीची वायर ओढून काढली तेव्हा कुठे गप्प झाला.

सकाळच्या पाळीच्या सिस्टरांना घरोघरून उचलायचं आणि हॉस्पिटलच्या दारात उतरवायचं, ही ह्यांची फेरी. आज त्यांना दुसरी गाडी बोलवावी लागली. हॉस्पिटलचा क्लार्क फोनवर म्हणाला, "एकदा ठीक आहे हो. पण पुन्हा पुन्हा झालं तर फेरी दुसऱ्याला जाईल. माझ्या हातात नाही काही."

हे दिवसभर गाडीपाशी बसून होते. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "फेरी गेली तर मी सकाळी उठू कशासाठी?"

"माझ्यासाठी उठा," मी म्हटलं.

हसले नाहीत.

गंमत अशी की सेल्फ म्हणजे माझ्याच घरचं दुखणं. पुढच्या खोलीत माझं सेल्फ आणि डायनामो दुरुस्तीचं दुकान आहे, बाबांकडून आलेलं. लोक कुठून कुठून ट्रकचे सेल्फ खांद्यावर घेऊन येतात. आणि नवऱ्याची गाडी सेल्फपायी दारात उभी! शेजारचा पंक्चरवाला ट्यूब खांद्यावर टाकून जाता जाता म्हणालाच, "वहिनी, घरच्या गिऱ्हाइकाला उधारीवर काम करू नका. लक्ष लागत नाही."

५ डिसेंबर

बाबा सांगायचे, बिघाड सापडत नसेल तर समोर काही न कळणारा माणूस बसलाय असं समजून त्याला पहिल्यापासून सांगायचं. सांगता सांगता आपल्यालाच दिसतो. म्हणून इथे लिहिते.

चावी फिरवली की सेल्फच्या डोक्यावरचा सोलेनॉइड एक लहान दातेरी चाक पुढे ढकलतो. ते पिनियन. ते इंजिनाच्या मोठ्या चाकाला जाऊन भिडतं आणि त्याला फिरवतं. इंजिनाने धरलं की चावी सोडायची. वीज तुटते, स्प्रिंग पिनियनला मागे ओढते, सेल्फ सुटतो. गाडी दिवसभर धावते आणि सेल्फ झोपून राहतो.

आज उघडला. सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे दोन ठोकळे आणि त्यांना जोडणारी चकती वितळून एकमेकांना चिकटलेली. म्हणजे चावी सोडली तरी वीज चालूच. असं होतं, सेल्फ गरजेपेक्षा जास्त वेळ चालवला तर होतं, बॅटरी कमजोर असली तरी होतं. बॅटरी तपासली, ठणठणीत. अर्थिंगची वायर घासून पुसून घट्ट केली. ठोकळे नवे, चकती नवी. आतले कार्बनचे ब्रशही नवे टाकले, हात लागलेलाच होता तर.

टेबलावर चालवून पाहिला. मारला की टक्, सोडला की टक्. असा आवाज ऐकला की मला बरं वाटतं.

संध्याकाळी गाडीवर चढवला. आमची जुनी पद्धत, लग्न झाल्यापासूनची. मी बॉनेटखाली डोकं घालून, हे दाराशी चावीवर हात ठेवून. मी ओरडते, "मारा!" मग, "सोडा!" पंक्चरवाला म्हणतो, तुमच्या घरात एवढंच बोलणं ऐकू येतं.

चोख चालला. जीव भांड्यात पडला.

९ डिसेंबर

फेरी सुरळीत. पण आज सकाळी अंथरुणातूनच ऐकलं, इंजिन धरल्यावरही सेल्फ कर्रर्र करत थोडा वेळ लटकला, मग सुटला. बाहेर दवाने काचा पांढऱ्या झाल्या होत्या.

"जास्त वेळ धरलीत का चावी?" संध्याकाळी विचारलं.

"आज शिकतोय का मी गाडी चालवायला?"

खरंच. ह्यांचा हात मला माहीत आहे. इंजिन पहिला श्वास घेतं न घेतं तोच हे चावी सोडतात. ह्यांच्या हाताला दोष देणं म्हणजे माझ्या कानाला दोष देणं.

थंडीत शाफ्टवरचं ग्रीस घट्ट होतं, पिनियन मागे यायला कुरकुर करतं. सेल्फ पुन्हा उतरवला, केरोसीनने धुतला, पातळ ग्रीस लावलं. स्प्रिंगही बदलली.

११ डिसेंबर

मोठ्या सिस्टर (त्या पुढच्या सीटवर बसतात, सगळ्या त्यांना वचकून असतात) आज घराशी उतरल्या, जुन्या मिक्सरची मोटर दाखवायला. हसत हसत सांगत होत्या, "तुमच्या मिस्टरांची आज चांगलीच फजिती झाली हं. आमच्या नव्या सिस्टरचा वाढदिवस. त्यांनी हात मिळवला, अभिनंदन केलं, आणि हात सोडेचनात! ती बिचारी लाल. मागून पोरी ओरडतायत, भाऊ, सोडा की, तिला इंजेक्शनं द्यायचीत!"

मीही हसले. दुसरं काय करणार?

नवी सिस्टर मी पाहिली आहे. वीसबावीसची असेल. केसांत पांढरं काही नाही.

हे जेवायला बसले तेव्हा मी विचारलं नाही.  ह्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, पेल्यात पाणी ओतलं, आणि तांब्या हातात धरून बसले, कुठेतरी बघत. अलीकडे असंच चाललंय. वस्तू हातात घेऊन विचार करत बसतात. कोणाचा विचार, ते मी विचारलं नाही.

१२ डिसेंबर

काल लिहिलेलं वाचून लाज वाटली. खोडत नाही. मनात आलं ते आलं.

सेल्फ आज पुन्हा लटकला.

१५ डिसेंबर

रविवार. हे दुपारभर खुर्चीत झोपले. हल्ली बसले की डोळे मिटतात, जागे असले तरी पापण्या अर्ध्या उतरलेल्या. मागच्या वर्षी मोतीबिंदू काढला तेव्हा डॉक्टर म्हणालेच होते, एवढ्या लवकर? ही पेंग पहाटे उठण्याने येत असेल.

वन्संचा फोन आला. ह्यांची थोरली बहीण, एकदा बोलायला लागली की फोन कानाला चिकटतो. सेल्फचं सांगितलं तर खदखदून हसली. "अगं, आमचे बाबा तसेच होते! थंडीत दाराची कडी धरली की धरून उभेच. आई म्हणायची, दार उघडताय की दाराला लटकताय? आम्ही पोरं त्यांची बोटं सोडवायचो, खेळच होता आमचा."

मी म्हटलं, "वन्सं, मी गाडीबद्दल बोलतेय."

"हो गं, मी आपलं आठवलं म्हणून." मग आवाज बदलला. "लवकर गेले बिचारे. झोपेतच गेले. कळलंसुद्धा नाही कोणाला."

सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही. फोटोत मात्र पापण्या अगदी ह्यांच्यासारख्या आहेत, सुस्तावलेल्या.

१८ डिसेंबर

आता नीट, पायरीपायरीने करते. आंधळेपणाने सुटे भाग बदलत बसले तर बाबा वरून रागावतील.

सेल्फ अडकतो त्याची दोन घरं. एक, सेल्फच्या आत काहीतरी अडतंय. दोन, आत सगळं ठीक आहे, पण वरून येणारी वीजच थांबत नाही, म्हणून तो बिचारा हुकूम पाळतोय. कुठलं घर, ते ओळखायला साधा उपाय. सोलेनॉइडच्या ज्या टोकाला चावीची वीज येते तिथे छोटा दिवा जोडायचा. चावी मारली की दिवा लागणार, सोडली की विझणार. चावी सोडूनही दिवा जळत राहिला तर सेल्फ निर्दोष.

सकाळी, थंडीतच, जोडला. बॉनेटखाली वाकून ओरडले, "मारा!" लागला. "सोडा!"

दिवा जळतच राहिला. मी मनात चार मोजले असतील. मग विझला.

"सोडलीत ना?"

"सोडली."

"लगेच?"

"तू ओरडलीस तशी सोडली."

पुन्हा केलं. पुन्हा रेंगाळला, पण कमी. पुन्हा, आणखी कमी. पाचव्या-सहाव्या वेळेपासून एकदम चोख, मी सोडा म्हणते न म्हणते तोच अंधार. थंड असताना अडकतं, हलवत राहिलं की मोकळं होतं. चावीच्या स्विचमधली स्प्रिंग असणार, तिचं ग्रीस गोठलं असणार. सापडलं! इतका आनंद झाला की ह्यांना ओरडून सांगितलं, "अहो, सेल्फ नव्हेच, स्विच आहे!"

हे चावीचा हात दुसऱ्या हाताने चोळत उभे होते. "असेल," म्हणाले.

थंडी होतीच.

१९ डिसेंबर

स्विच नवा टाकला. सकाळी दिवा रेंगाळला.

२२ डिसेंबर

चावीची वीज पुढे धाडणारा रिले बदलला. स्विचपासून सोलेनॉइडपर्यंतची वायर नवीन ओढली, जुनी कुठे दुसऱ्या वायरीला चिकटून चोरून वीज घेत असेल म्हणून. स्विच नवा, रिले नवा, वायर नवी, सेल्फ तर आतून सगळाच नवा. चावीपासून पिनियनपर्यंत जुनं काही उरलं नाही. दिवा तरी रेंगाळतो.

दिवसा मी एकटीने चालवून पाहते तेव्हा एकदाही नाही. म्हणजे थंडीच.

आज हातोडी आपटली टेबलावर. इतक्या वर्षांत कुठल्या सेल्फने मला असं वेड्यात काढलं नव्हतं. हे शेजारी येऊन बसले. म्हणाले, "राहू दे ना. थोडा वेळ कर्रर्र करतो, मग सुटतो. चालतंय तसं चालू दे."

"आणि पुन्हा ठोकळे चिकटले, भर रस्त्यात सिस्टरांना घेऊन असताना पेटला तर?"

 ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. खूप दिवसांनी असा ठेवला होता. बोटं खांद्यात रुतली तरी मी हलले नाही.

२५ डिसेंबर

क्लार्कचा फोन. गाडी सुरू होताना कसला आवाज येतो म्हणून सिस्टर तक्रार करतात म्हणे. "नवीन वर्षात बघू," म्हणाला. ते 'बघू' मला आवडलं नाही.

हे हल्ली हँडब्रेक लावत नाहीत, गाडी गिअरमध्ये टाकून उतरतात. "ब्रेकची केबल थंडीत जाम होते," म्हणाले. मी म्हटलं, ती पण देते बदलून. तर चिडले. "प्रत्येक गोष्ट बदलायची नसते!"

१ जानेवारी

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर किडामुंगीचं.

२७ तारखेला झालं. आज लिहायची ताकद आली.

सकाळी दिवा जोडून पुन्हा वाकले होते. इंजिन धरू नये म्हणून त्याचं तेल बंद करून ठेवलं होतं, नुसता सेल्फ पाहायचा होता. माझ्या पाठीशी अंगणातलं लोखंडी टेबल. हे दाराबाहेर उभे, खिडकीतून हात आत घालून चावीवर. नेहमीसारखं.

"मारा!"

गाडी माझ्या अंगावर आली.

गिअरमध्ये होती. क्लचवर पाय नव्हता, हे बाहेर उभे होते ना. सेल्फने अख्खी गाडी उचलून पुढे ढकलली, धक्क्याधक्क्याने. बंपर आणि टेबल यांत मी. उजवा हात मध्ये. मी ओरडले, "सोडा! सोडा! अहो सोडा!"

उघड्या बॉनेटखालच्या फटीतून, काचेपलीकडे मला ह्यांचा चेहरा दिसत होता. तोंड उघडं. आणि हात. उजव्या हाताची मूठ चावीवर तशीच, आणि डाव्या हाताने हे तिचं एकेक बोट सोडवत होते. आधी करंगळी. मग दुसरं. जसं काही ती मूठ दुसऱ्या कोणाची आहे आणि तो माणूस ऐकत नाहीये.

इंजिन चालू असतं तर मी आज लिहीत नसते.

२ जानेवारी

मनगट दोन ठिकाणी मोडलंय, दोन बरगड्यांना चीर. मोठ्या सिस्टरांनीच सगळं पाहिलं हॉस्पिटलात, भांडून बेड मिळवून दिला.

हे माझ्या खाटेशी बसले होते. मी विचारलं, "कधीपासून?"

"दोन थंड्या झाल्या. सकाळी जास्त. मूठ वळते, उघडत नाही. हलवत राहिलं की सुटते."

"मला का नाही सांगितलं?"

ह्यांनी माझी चादर नीट केली. मग म्हणाले, "तू म्हणालीस ना, थंडीने ग्रीस घट्ट होतं. मी म्हटलं, माझंही तसंच असेल. उन्हाळ्यात बरं होईल." आणि मग, "तू एवढी मन लावून शोधत होतीस. मला वाटलं, सापडेल तुला. सेल्फमध्येच सापडेल."

मी रागावले असते. पण हे रडत होते आणि तोंड पुसायला हात उघडत नव्हता. मी माझ्या चांगल्या हाताने पुसलं.

नव्या सिस्टरने औषध आणून दिलं. मला तिच्याकडे बघवलं नाही.

६ जानेवारी

मोठ्या सिस्टरांनी ह्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात घट्ट मिटायला सांगितला, मग उघडायला. छोट्या हातोडीने अंगठ्याच्या गादीवर टिचकी मारली तर अंगठा आत वळला आणि हळूहळू, अगदी हळूहळू बाहेर आला. मी पाहत होते आणि मला तो दिवाच दिसत होता, रेंगाळणारा.

स्नायूंचा आजार आहे. आखडलेला स्नायू सैल व्हायचा विसरतो. बरा होत नाही. डोळे, झोप, सगळं त्यातलंच. हृदयाचा आलेख काढला, मधूनमधून एखादा ठोका गळतोय, म्हणून यंत्र बसवावं लागेल कदाचित. ते मला समजलं. रिले कमजोर झाला की दुसरा जोडतात.

"गाडी बंद," डॉक्टर म्हणाले. "आजपासून."

हे म्हणाले, "हो." इतक्या लगेच म्हणाले की मला ते खरं वाटलं नाही.

डॉक्टरांनी मग विचारलं, "मुलं किती?" मी म्हटलं, नाहीत. "बरं," म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बरं? आयुष्यभर ज्याच्यासाठी झुरलो, त्याला हा माणूस बरं म्हणतो. शिकलेल्या लोकांना बोलायचं कळत नाही. ह्यांच्या वडिलांबद्दलही खोदून खोदून विचारलं, ह्यांच्या बहिणीला तपासणीला बोलवा म्हणाले. वन्संचं काय काम तिथे? ती चांगली ठणठणीत आहे, तासनतास फोनवर असते.

९ जानेवारी

घरी आल्यापासून हे उठत नाहीत. जागे असतात, भिंतीकडे तोंड करून. फेरी सध्या दुसरी गाडी करते. क्लार्क म्हणाला, महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो. भला माणूस.

चहा नेऊन दिला. "ठेव," म्हणाले. थंड झाला तरी तिथेच.

मला हे पाहवत नाही. हाड मोडलं ते परवडलं.

११ जानेवारी

आज एकदम सुचलं. चावी हवीच कशाला?

चिमटीत धरून फिरवायचं आणि मग सोडायचं, अडचण ती आहे. बटण लावलं तर? मोठं, दाराच्या घंटीसारखं. तळव्याने दाबायचं, हात मागे घेतला की झालं. मूठ वळायचा प्रश्नच नाही, मग उघडायचा कुठला. प्लास्टरमधल्या हाताने आणि डाव्या हाताने मिळून वायरी जोडल्या, पंक्चरवाल्याने भोक पाडून दिलं. "वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही नवऱ्याला पण वाइंडिंग करून द्याल."

सेल्फही उतरवून घेतला त्याच्याकडून. आर्मेचरचं, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या गाभ्याचं तांबं एका जागी काळवंडलं होतं, अख्खं नवीन भरलं. एका हाताने दोन दिवस लागतील वाटलं होतं, एकात झालं.

ह्यांना अंगणात आणलं. "दाबा."

दाबलं. हात घेतला. टक्. दिवा गेला. पुन्हा. टक्. दहा वेळा केलं असेल, लहान पोरासारखे. नंतर आपणहून चहा मागितला.

डॉक्टर सगळ्यांनाच नको नको सांगतात. त्यांना काय माहीत, किती गोष्टी थोड्याशा बदलल्या की चालतात.

१५ जानेवारी

दोन दिवस झाले, फेरी सुरू. क्लार्कला सांगितलं, गाडी दुरुस्त झाली. खोटं नव्हतं ते.

मोठ्या सिस्टर सुट्टीवर आहेत. त्या आल्या की समजावून सांगेन.

आज घरातून शीळ ऐकू आली. हे दाढी करत होते.

१६ जानेवारी

प्लास्टर दाखवायचं होतं म्हणून आज गाडीत बसून हॉस्पिटलला गेले. मोठ्या सिस्टरांच्या जागी, पुढे.

बटण उत्तम. मी अभिमानाने मागे वळून पाहिलं, पोरी पेंगत होत्या.

मग मी ह्यांचे हात पाहायला लागले. आजवर कधी पाहिले नव्हते, मी कायम बॉनेटखाली असते ना. गिअर टाकला की डावा हात दांड्यावरच राहायचा. गाडी पुढे जायची, हात मागून यायचा. स्टिअरिंगवरचा हात वळणात सरकायला हवा, तो सरकत नव्हता, कोपर वर येत होतं. पापण्या उतरत होत्या. दोनदा मी उगीच खोकले.

हॉस्पिटलच्या अलीकडच्या वळणावर एक म्हातारे काठी टेकत रस्ता ओलांडत होते. ह्यांनी पाहिलं. ब्रेक वेळेवर दाबला, पाय चांगला आहे. पण चाक सरळ करायला हात सुटला नाही. गाडी वळतच गेली, पुढचं चाक फुटपाथवर चढलं आणि थांबलं. काठी उडून बंपरखाली. म्हातारे तसेच उभे, हात पुढे, काठी नसलेला.

मागे कोणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सहाच्या सहा जाग्या होऊन ह्यांच्या पाठीकडे पाहत होत्या.

"रस्ता ओला आहे," हे म्हणाले.

रस्ता कोरडा होता.

"हो," मी म्हटलं. "घसरतोय आज."

नवी सिस्टर खाली उतरली, म्हाताऱ्यांना काठी उचलून दिली, धरून पलीकडे पोचवलं. परत येऊन बसली. माझ्या खांद्याला मागून हात लावला.

परत येताना आम्ही दोघंच. अर्ध्या वाटेत हे म्हणाले, "सवय व्हायला वेळ लागतो. बटण नवीन आहे ना."

मी म्हटलं, "हो, सवयीचंच आहे."

१७ जानेवारी

ह्यांना सांगायला हवं, गाडी सोडा. काल घरी आल्यापासून ते वाक्य तोंडात घेऊन फिरतेय. जेवताना काढणार होते. ह्यांनी घास घेतला, चमचा तोंडाशी धरून थांबले, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मीठ हवंय का?"

सांगितलं तर हे मान्य करतील. त्याचीच भीती वाटते. लगेच 'हो' म्हणतील, डॉक्टरांना म्हणाले तसं, आणि भिंतीकडे तोंड करतील. त्यांना हे सांगणारी मी नसेन. सिस्टरांना काही झालं तर मी जिवंतपणी मरेन, आणि ह्यांना काही झालं तरी. म्हणून सकाळी, हे आंघोळीला गेले असताना, पंक्चरवाल्याला बोलावलं. त्याने काही विचारलं नाही. सेल्फ उतरवून माझ्या टेबलावर ठेवला आणि पाना पुसत निघून गेला. मी तो उघडून सुटा सुटा मांडला.

हे तयार होऊन आले. स्वेटर, मफलर. टेबलाशी थांबले.

"काय झालं?"

"आर्मेचर गेलंय," मी म्हटलं. गिऱ्हाइकाशी बोलते त्या आवाजात. "काल संध्याकाळी वास आला म्हणून उघडला. जळलंय."

"सगळं?"

"सगळं. आणि याची तार सहज मिळत नाही."

मी आठवड्यापूर्वीच भरलेलं तांबं. लाल, चकचकीत, एक वेढा इकडचा तिकडे नाही. फडका टाकायला हवा होता त्यावर, सुचलंच नाही. घाईने तळहाताने झाकलं. पण हे जवळ आले होते, वाकले होते. मला वाटतं चष्मा नव्हता, त्यामुळे दिसलं नसावं.

बराच वेळ पाहून म्हणाले, "हं. काळंठिक्कर पडलंय अगदी."

"हो ना."

"किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही."

"घाई करू नकोस," म्हणाले. "पोरींची गाडी आहे. नीट व्हायला पाहिजे. नाही झालं तर नाही झालं."

मग ह्यांनीच फोन घेतला. क्लार्कला स्वतः सांगितलं. "साहेब, सेल्फ गेला. नाही, या वेळचा बिघाड मोठा आहे. बायको म्हणते, आणि तिला त्यातलं कळतं. तुम्ही दुसरी गाडी कायमची लावून टाका." आवाज स्वच्छ होता. कायमची, हे मी सांगितलेलं नव्हतं, त्यांनी आपणहून म्हटलं. मला इतकं हलकं वाटलं! त्यांनी सेल्फवर विश्वास ठेवला. त्यांना लागलं नाही.

फोन ठेवून हे मफलर काढून स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. केरोसीनची वाटी पुढे घेतली, त्यात पिनियन बुडवलं, आणि ब्रशने त्याचा एकेक दात घासायला लागले. पिनियन स्वच्छच होतं.  घासून झालं की उजेडात धरून बघायचे आणि पुन्हा बुडवायचे.